कोर्नेलची खिडकी, वेतुरियाचं झाड

खाण बंद झाली त्या वर्षी वेतुरियाच्या हातांची कातडी पहिल्यांदा माणसासारखी मऊ झाली. तोवरचं सगळं आयुष्य तिनं खाणीच्या धुलाईघरात काढलं होतं. उकळत्या हौदातून खाणकामगारांचे कपडे काढायचे, पिळायचे, वाळवायचे, उसवलेलं शिवायचं. कोळसा काढणाऱ्यांचे कपडे काळे यायचे आणि बोगदा पाडणाऱ्यांचे पांढुरके, कारण ते दगड फोडत. तिचा नवरा कोर्नेल बोगदा पाडणाऱ्यांतला. धुलाईघरातल्या बायका म्हणायच्या, "तुझं बरंय बाई, तुझ्या नवऱ्याचे कपडे एका पाण्यात निघतात." तीही हसायची. ती पांढरी धूळ कपड्यांतून निघते, पण छातीतून निघत नाही, हे कळायला पुढची कितीतरी वर्षं जायची होती.

आता कोर्नेल दिवसभर झोपायच्या खोलीत खिडकीशी आरामखुर्चीत बसून असे. नाकात नळी, शेजारी घरघरणारं प्राणवायूचं यंत्र, मांडीवर घोंगडी. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून झोपही खुर्चीतच. आणि खिडकी उघडी. उन्हाळा असो की बर्फ पडत असो, थंड हवा तोंडावर आल्याशिवाय त्याला श्वास घेतल्यासारखं वाटत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "यंत्र पुरेसं आहे, खिडकी लावली तरी चालेल." कोर्नेल त्यांना म्हणाला, "बाई, तुम्ही कधी बोगद्यात अडकलायत का?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

दोघांचं लग्न होऊन जन्म लोटला होता आणि त्यात गोड बोलणं जवळजवळ नव्हतंच. वेतुरियाची जीभ तिखट, कोर्नेलची कडू. बिल्डिंगीतले लोक जिन्यातून जाताना त्यांचं भांडण ऐकत आणि दोघंही ठीक आहेत असं समजून पुढे जात. मुलगी एकच, लाविनिया. आमच्या खोऱ्यातली निम्मी तरणी माणसं गेली तशी तीही बाहेर गेली. दक्षिण स्पेनमध्ये अ‍ॅव्होकाडोच्या बागा आहेत, तिथल्या एका शेडमध्ये ती फळं निवडायची आणि खोक्यांत भरायची.

त्या ईस्टरला लाविनिया घरी आली तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि अ‍ॅव्होकाडो जास्त होते. खडबडीत सालीची, काळपट हिरवी फळं. सणाच्या टेबलावर लाल अंडी, कोकराचं मटण, गोड पाव, आणि त्यांच्या मधोमध लाविनियानं एका ताटलीत ते फळ कुस्करून, लसूण, मीठ, लिंबू घालून ठेवलं. खालच्या मजल्यावरचा गेझा जेवायला आला होता. गेझा हंगेरियन, खाणीतल्या पंपांवर काम केलेला, बायको वारलेली, त्यामुळे सणासुदीला तो यांच्याकडेच असे. त्यानं पावाला लावून खाल्लं आणि सभ्यपणे मान हलवली.

"कसं आहे, बाबा?" लाविनियानं विचारलं.

कोर्नेलनं बराच वेळ तोंडात घोळवलं. "साबण," तो म्हणाला. "मीठ लावलेला साबण. तुझ्या आईनं हौदभर वापरलाय, तिला विचार."

"स्पेनमध्ये लोक याच्यासाठी जीव टाकतात, बाबा."

"तिथं ऊन आहे. ऊन असलं की माणूस काहीही खातो."

सगळे हसले. कोर्नेलला हसता हसता खोकला आला आणि मग कुणी हसलं नाही. वेतुरियानं उठून त्याची पाठ धरली. खोकला थांबेपर्यंत लाविनिया ताटलीतल्या तपकिरी, गुळगुळीत कोया बोटानं फिरवत बसली. बाप बोलण्याजोगा झाला तेव्हा ती उगीचच उत्साहानं म्हणाली, "यांना कोंब येतो, माहितीये? काड्या खोचायच्या, पाण्याच्या ग्लासावर अधांतरी ठेवायचं. खालून मूळ, वरून झाड."

"इथं?" कोर्नेल म्हणाला. "इथं बटाट्याला कोंब फुटायचा असला तरी तो आधी विचार करतो."

तरी तिनं आगपेटीतल्या काड्या घेतल्या, कोयांना खोचल्या आणि तीन ग्लास झोपायच्या खोलीच्या खिडकीत ओळीनं मांडले. घरात ऊन येणारी खिडकी तेवढी एकच. स्वयंपाकघर उत्तरेला, डोंगराच्या कुशीत, तिथं उन्हाळ्यातही दिवा लावावा लागे. दोन दिवसांनी लाविनिया मिनीबसनं परत गेली. जाताना आईला म्हणाली, "पाणी बदलत जा हं. पुढच्या ईस्टरला मी येते तेव्हा मला झाड दिसलं पाहिजे."

पाणी बदलायचं काम वेतुरियाच्या अंगावर पडलं. ती ते करायची, पण आधी कुरकुरून. दोन कोया बुळबुळीत झाल्या, वास मारायला लागल्या, त्या तिनं फेकल्या. तिसरीला मधोमध एक चीर पडली आणि ती तशीच राहिली. आठवड्यामागून आठवडे गेले, चीर होती तेवढीच. कोर्नेल दिवसभर तिच्यासमोर बसलेला. दुसरं बघायला होतं काय? समोरच्या बिल्डिंगीच्या रिकाम्या खिडक्या, खाणीचा बंद पडलेला मनोरा, आणि हा ग्लास.

"तुझं पोर आज काय म्हणतंय?" बायको खोलीत आली की तो विचारायचा.

"म्हणतंय, बापावर गेलोय. नुसता बसून असतो."

जुलैमध्ये एका दुपारी ती सूप घेऊन आत आली तर कोर्नेल खुर्चीतून वाकून ग्लासाकडे बघत होता. इतका वाकलेला की नळी ताणली गेली होती.

"अरे, पडशील!"

"बघ." तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या अंड्याला... पाय फुटलाय."

कोयीच्या चिरेतून पांढरं, जाड मूळ खाली पाण्यात उतरलं होतं. वेतुरियानं सूपाची वाटी खिडकीत ठेवली आणि तीही वाकली. दोघांची डोकी इतकी जवळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मग तिच्याच ते लक्षात आलं आणि ती म्हणाली, "सूप गार होतंय."

वरून तांबूस कोंब आला, आधी सुईएवढा, मग पेन्सिलीएवढा. पानं फुटली ती मऊ, लांबट, तांब्याच्या रंगाची, आणि हळूहळू हिरवी झाली. गेझानं एका जुन्या एनॅमलच्या पातेल्याला खिळ्यानं भोकं पाडून दिली. वेतुरिया बीच झाडांच्या रानातून पिशवीभर काळी माती घेऊन आली, नदीची वाळू त्यात मिसळली आणि कोय अर्धी वर राहील अशी लावली. लाविनियाला फोनवर दाखवलं तेव्हा ती किंचाळलीच. "आई! अगं, केवढं झालंय! शेंडा खुड त्याचा, म्हणजे फांद्या फुटतील. आणि थंडीला जप. आमच्याकडे एका रात्री गारठा पडला की मालक बागेत शेकोट्या पेटवतो."

शेंडा खुडायचं वेतुरियाच्या जिवावर आलं. इतक्या मिनतवारीनं वर आलेलं डोकं कसं तोडायचं? तिनं कात्री हातात घेतली, खाली ठेवली. कोर्नेलनं हात पुढे केला. "आण इकडे." त्यानं दोन पानांच्या वर मोजून कट मारला आणि तोडलेला शेंडा बोटांत धरून बसला. दुसऱ्या दिवशीही तो सुकलेला शेंडा त्याच्या घोंगडीवर होता.

ऑक्टोबरपासून कोर्नेलची तब्येत उतरायला लागली. खुर्चीतून संडासापर्यंत जाणं म्हणजे डोंगर चढणं. वाक्यं तुटायला लागली. आणि हवा थंड होत गेली तशी खिडकीची गोष्ट अवघड होत गेली. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग नोव्हेंबरात एका सकाळी दोन पानं गळून कोर्नेलच्या घोंगडीवर पडली.

वेतुरियानं पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. खोल्या उबदार ठेवणाऱ्या बिल्डिंगीच्या नळांतून गरम पाणी यायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. सगळ्यांनी स्वयंपाकघरात लाकडाच्या चुली बसवून धुराडी भिंतीतून बाहेर काढली होती. तिथं ऊब होती, पण उजेड नव्हता. आठवड्याभरात झाड दिव्याकडे मान वळवून फिकं पडलं, देठ लोंबले. तिनं ते परत खिडकीत आणलं. गारठा पडला, पुन्हा आत नेलं. ऊन परिंगच्या डोंगरावरून उशिरा यायचं आणि लवकर जायचं, तेवढ्या वेळापुरतं ती पातेलं कडेवर घेऊन इकडून तिकडे फिरायची.

"एक तासभर लाव ना खिडकी," ती एकदा म्हणाली. "ऊन आहे तोवर. नुसती टेकव."

"टेकव," कोर्नेल म्हणाला.

तिनं टेकवली. जरा वेळानं ती परत आली तर त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले, मान मागे, तोंड उघडं, डोळे पांढरे. तिनं खिडकी सताड उघडली. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "ठरव. झाड... की मी."

तिला भीती वाटली होती आणि भीती वाटली की तिला राग येई. "झाड निदान गप्प बसतं," ती म्हणाली.

कोर्नेलनं तोंड खिडकीकडे वळवलं. नेहमी तो उलट काहीतरी बोलायचा. आज तो नुसता बाहेर बघत बसला, तेव्हा वेतुरियाला वाटलं की हे बोललेलं परत घ्यावं. पण परत कसं घ्यायचं याची दोघांनाही सवय नव्हती. संध्याकाळी तिनं त्याच्यासाठी मक्याच्या पिठाचा घाटा, मामालिगा, केला, वरून आंबट साय आणि चीज घातलं, डॉक्टरीणबाईंनी नको सांगितलं होतं तरी. त्यानं दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी गेझा आला. सगळं ऐकून म्हणाला, "अहो शेजारीणबाई, एवढं कशाला? माझी खिडकी पण दक्षिणेलाच. मी ती ऑक्टोबरात लावतो ती मेमध्ये उघडतो. हिवाळाभर द्या माझ्याकडे. पाणी घालीन, हंगेरियनमध्ये शिव्या देईन, मस्त वाढेल."

वेतुरियानं सुटकेचा श्वास टाकला. पण खुर्चीतून आवाज आला, "नाही."

"का रे?" गेझा म्हणाला. "खाऊन टाकीन असं वाटतं का? साबण आहे म्हणालास ना तूच?"

"माझं झाड... मी कुणाकडे ठेवत नाही."

वेतुरिया थबकली. आतापर्यंत ते 'तुझं पोर', 'तुझं अंडं', 'तुझी ती काडी' होतं. माझं झाड कधी झालं? तिनं नवऱ्याकडे बघितलं, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

मग गेझानंच युक्ती काढली. पाडलेल्या बिल्डिंगीच्या खिडक्यांच्या जुन्या काचा त्यानं तळघरात जमवून ठेवल्या होत्या. त्या जोडून त्यानं झाडाभोवती काचेची एक उभी पेटी केली, वर झाकण, खोलीच्या बाजूनं उघडणारं. रात्री वेतुरिया त्यात गरम पाण्याची बाटली ठेवायची. "राणीसाहेबांचा महाल," गेझा म्हणाला. कोर्नेल म्हणाला, "शवपेटी." पण रोज सकाळी आतल्या काचेवरचं धुकं पुसायला तो बायकोला हाक मारायचा. पुसलं नाही तर त्याला पानं दिसत नसत.

ख्रिसमस असाच गेला. लाविनियाला सुट्टी मिळाली नाही, तोच तिथला तोडणीचा हंगाम. फोनवर ती हसरं तोंड करून बोलली आणि कोर्नेलनंही नळी काढून, केस विंचरून घेऊन हसरं तोंड केलं. फोन ठेवल्यावर त्याचे ओठ निळे होते.

जानेवारीत बोबोतेआझाच्या सणाला आमच्याकडे वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी पडते. त्या दिवशी पाद्री पाणी मंतरतो आणि लोक बाटल्या घेऊन ते आणायला जातात. वेतुरिया फार देवधर्म करणारी नव्हती, पण त्या वर्षी तिनं मोठी बाटली घेतली. यंत्र तपासलं, त्याच्या हाताशी चहा ठेवला, खिडकी त्याच्या मापानं उघडी ठेवली, पेटीचं झाकण नीट बसवलं. "लगेच येते," म्हणाली. चर्चच्या अंगणात रांग लांब होती. पाय बधिर झाले, बाटलीतलं पाणी घरी येईतो कडेनं गोठायला लागलं होतं.

दार उघडल्याबरोबर तिला काहीतरी वेगळं जाणवलं. नेहमी दार उघडलं की खिडकीतून वाऱ्याचा झोत अंगावर येई. आज आला नाही.

ती बूट न काढताच आत धावली. खिडकी बंद होती. काचेच्या पेटीची एक काच जमिनीवर फुटून पडली होती, वाऱ्यानं ढकललेली. कोर्नेल खुर्चीत नव्हताच, तो खिडकीखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. चेहरा राखेसारखा, एक हात वर, खिडकीच्या मुठीकडे. मूठ फिरवली होती त्यानंच. उभं राहून, नळीच्या टोकापर्यंत ओढत जाऊन लावली होती आणि मग परत खुर्चीपर्यंत जाण्याइतका जीव अंगात उरला नव्हता.

वेतुरियानं खिडकी ओढून उघडली, त्याला काखेत धरून खुर्चीत घातलं, यंत्राचं बटण वाढवलं, तळवे चोळले. ती सारखी ओरडत होती, काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं. जिन्यातून कुणीतरी गेलं आणि यांचं नेहमीचंच समजून पुढे गेलं.

"कुणी सांगितलं होतं तुला? कुणी? मूर्खा, गाढवा, एक झाड, एक काडी, तिच्यासाठी?"

त्याला बोलता यायला वेळ लागला. "काच पडली," तो म्हणाला. "पानं... थरथरत होती. समोरच. बघवेना."

"मग बघायचं नाही! डोळे मिटायचे!"

"लाविनिया येईल... ईस्टरला." त्यानं दम घेतला. "तिला दाखवायला... काहीतरी असू दे. मी आता... दाखवण्यासारखा नाही राहिलो."

वेतुरिया त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. काचेचे तुकडे तिच्या स्कर्टखाली होते, तिला कळलं नाही. तिला त्याला खूप काही म्हणायचं होतं. नोव्हेंबरातल्या त्या वाक्याबद्दलही. शेवटी ती म्हणाली, "पाणी आणलंय. घे एक घोट." आणि मंतरलेलं, अर्धवट गोठलेलं पाणी तिनं त्याला चमच्यानं पाजलं. उरलेल्यातलं थोडं तिनं पातेल्यात ओतलं. तो बघत होता, म्हणून.

कोर्नेल फेब्रुवारीत गेला. दुपारी, ऊन खोलीत असताना. वेतुरिया त्याच्या दाढीला साबण लावत होती आणि तो म्हणाला, "थांब जरा." ती थांबली. एवढंच.

मग बिल्डिंगीतल्या बायका आल्या आणि जे करतात ते सगळं त्यांनी केलं. आरशावर कापड टाकलं. यंत्र बंद केलं, तेव्हा घरात इतकी शांतता पसरली की एक म्हातारी दचकून क्रॉसची खूण करती झाली. आत्म्याला वाट मिळावी म्हणून खिडकीची दोन्ही कवाडं सताड उघडली. शवपेटीला जागा करायला खुर्ची बाहेर काढली, काचेची पेटी काढली, पातेलं कुणीतरी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर पडद्यामागे सरकवलं. तीन दिवस प्रेत घरात होतं. तीन दिवस लोक येत होते, मेणबत्त्या लावत होते, स्वयंपाकघरात चुलीशी उभं राहून आलुबुखाराच्या दारूचा एक घोट घेत होते, "देव त्याला क्षमा करो" म्हणत होते. बाहेर नदी गोठली होती. वेतुरिया शवपेटीशी कोट घालून बसून होती आणि खिडकी लावा असं कुणाच्याही मनात आलं नाही, तिच्या तर नाहीच. ती खिडकी कोर्नेलच्या घरात उघडीच असायची.

लाविनिया दफनाच्या सकाळी पोचली, विमान आणि मग रात्रभर बस. दफनभूमी चढावर होती, बर्फात वाट खणून काढलेली. लाविनिया कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. पाद्र्याच्या मागोमाग म्हणायचं ते तिनं म्हटलं, मूठभर गोठलेली माती टाकली, लोकांचे हात हातात घेतले. बायका आपसात कुजबुजल्या, "बाहेर राहून मुलींचं मन दगड होतं."

घरी मृताच्या नावानं जेवण झालं, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचे सार्माले आणि शिजवलेल्या गव्हाचा गोड कोलिवा वाटून झाला, लोक गेले. गेझा भांडी धुवायला मागे राहिला. लाविनिया झोपायच्या खोलीत पडदा सरकवायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई. झाड."

"कुठलं झाड?" वेतुरिया म्हणाली. तिला खरंच क्षणभर आठवलं नाही.

ती आत गेली. पातेलं कट्ट्यावर होतं. झाड उभं होतं, पण सगळी पानं काळी, उकडलेल्या पालकासारखी चिकटून लोंबत होती. लाविनियानं एक पान धरलं, ते तिच्या बोटांना लागून निघून आलं. आणि मग ती रडायला लागली. कट्ट्यावर डोकं टेकून, तोंड उघडून, लहानपणी रडायची तशी. स्वयंपाकघरात गेझानं नळ बंद केला आणि तो हलकेच दार ओढून घरी निघून गेला.

वेतुरिया लेकीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "पुरे. मी दुसरं लावेन. तू फळ आणशील, मी दुसरं लावेन."

"हे फळलं नसतंच, आई." लाविनिया नाक पुसत म्हणाली. "कोयीचं झाड असं घरात कधी फळत नाही. आमच्याकडे सगळ्या झाडांवर कलम करतात. मी तुला सांगितलं नव्हतं. तू एवढी नादाला लागली होतीस."

"मी?"

"बाबांना सांगितलं होतं मी. तू बाहेर गेली होतीस तेव्हा, फोनवर. त्यांनी विचारलं, किती वर्षांनी फळ येईल? मी म्हटलं, बाबा, खरं सांगू? येणारच नाही."

"मग?"

"मग म्हणाले, आईला बोलू नकोस."

वेतुरिया पलंगाच्या कडेवर बसली. तिनं मनात महिने मागे नेऊन पाहिले. 'माझं झाड' तो म्हणाला ते त्या फोनच्या आधी की नंतर? तिला क्रम लावता येईना. नवऱ्यानं तिला जपायला एखादी गोष्ट लपवली, असं आयुष्यात आणखी किती वेळा झालं असेल, आणि तिनं ती सगळी वर्षं तो कडूच आहे असं धरून काढली की काय? विचारायला आता कुणी नव्हतं.

लाविनिया आठवडाभर राहिली. आईनं बरोबर यावं म्हणून मागे लागली. "तिथं ऊन आहे, आई. हिवाळ्यातही दारात बसता येतं."

"दारात बसून काय करू? कुणाशी बोलू?"

"माझ्याशी."

"तू शेडमध्ये असशील," वेतुरिया म्हणाली, आणि लाविनियानं खाली बघितलं, कारण ते खरं होतं. मिनीबस सुटताना ती काचेमागून हात हलवत राहिली. या वेळी तिनं पुढच्या ईस्टरचं काही म्हटलं नाही.

वेतुरियानं झाडाचं काळं पडलेलं खोड वीतभर ठेवून कापलं. फेकायचं म्हणून पातेलं उचललं, पण खाली अंगणापर्यंत न्यायचा कंटाळा आला. ते चुलीमागे कोपऱ्यात राहिलं. कधी भांड्यात पाणी उरलं तर ती त्यात ओतायची. चाळिसाव्या दिवशीचा विधी झाला, ईस्टर झाला, लाल अंडी तिनं थडग्यावर ठेवली. यंत्र दवाखान्याची माणसं येऊन घेऊन गेली. रात्री तिला झोप लागत नसे, कारण घरघर ऐकू येत नसे.

जूनमध्ये चुलीमागची राख काढताना तिला ते दिसलं. खोड वाळकंच होतं, पण त्याच्या बुंध्याशी, मातीलगत, बोटभर लांबीचा तांबूस कोंब वर आला होता. टोकाला दोन पानं, अजून मिटलेली.

बायका म्हणतील, तिला आनंद झाला असेल. तिला आनंद झाला नाही. ती राखेचं फावडं हातात घेऊन उभी राहिली आणि तिला संताप आला.

"आता?" ती त्या कोंबाला म्हणाली. "आता आलास होय? तुला येता येतं. गोठून, काळं पडून, कापून टाकून परत येता येतं. तुलाच कसं जमतं रे?"

तिला ते मुळासकट उपटावंसं वाटलं. कोंब तिनं बोटांत धरलाही. मग हात काढून घेतला, पातेलं उचललं, एक मजला उतरली आणि गेझाच्या दारावर पायानं ठोकलं.

गेझानं दार उघडलं, आधी पातेल्याकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"ठेवा तुमच्याकडे, गेझाभाऊ," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नको."

"माझं वय बघा, शेजारीणबाई. हे फळ धरेल तोवर मी नसेन."

"हे फळणारच नाही."

गेझानं पातेलं तिच्या हातातून घेतलं. "मग बरंय," तो म्हणाला. "वाट बघायला नको."

त्यानं आत यायला सांगितलं, कॉफी ठेवतो म्हणाला. तिनं नको म्हटलं. जिना चढताना ती मध्येच थांबली, कठड्याला धरून. खालून गेझाच्या घरात खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, तो खिडकीशी जागा करत असावा. ती वर आली आणि राहिलेली राख भरून तिनं बादली दाराबाहेर ठेवली.

संध्याकाळी लाविनियाचा फोन आला. तिच्यामागे उजेड होता, तिथं अजून ऊन होतं.

"काय नवीन, आई?"

वेतुरियानं चुलीमागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"